रुग्णाची संस्कृती आणि परिचर्या: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना हा विषय वॉर्डात कसा शिकवावा

बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सत्रात उपयोजित समाजशास्त्र शिकवले जाते. कुटुंब, जात, धर्म, विवाहसंस्था यांच्या व्याख्या विद्यार्थी पाठ करतात आणि उत्तीर्ण होतात. परंतु त्या प्रकरणांचा समोरच्या खाटेवरील माणसाशी काही संबंध आहे, हे पुढे क्लिनिकल पोस्टिंगमध्ये बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी अनेक महाविद्यालयांत एक सोपा उपाय केला जातो. मुस्लिम रुग्ण असेल तर काय करावे, जैन रुग्ण असेल तर काय टाळावे, आदिवासी रुग्णांच्या समजुती कोणत्या, असा तक्ता फळ्यावर लिहून दिला जातो. माझ्या मते हा उपाय उणिवेपेक्षा अधिक हानिकारक आहे, कारण तक्ता पाठ केलेली विद्यार्थिनी रुग्णाला काही विचारतच नाही. आडनाव ऐकते आणि उत्तर गृहीत धरते.

हा लेख ट्यूटर आणि क्लिनिकल इन्स्ट्रक्टर यांच्यासाठी आहे. विद्यार्थ्यांना माहितीचा साठा देण्याऐवजी विचारण्याची, ठरवण्याची आणि नोंदवण्याची सवय एका सत्रात कशी लावता येईल, याची पद्धत येथे मांडली आहे.

सिद्धांत किती शिकवावा

एक तास पुरेसा आहे. मॅडेलिन लेनिंजर या अमेरिकन परिचारिकेने मानववंशशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, पापुआ न्यू गिनीतील गाडसुप समाजात राहून अभ्यास केला आणि त्यातून परिचर्येची सांस्कृतिक मांडणी उभी केली. रुग्णाच्या रूढीबाबत परिचारिकेपुढे तीन मार्ग असतात, हे त्या मांडणीचे आपल्याला सर्वांत उपयोगी पडणारे सूत्र आहे: रूढी तशीच जपणे, उपचारांशी तिची तडजोड घालणे किंवा ती बदलण्यास रुग्णाला मदत करणे. दुसरा विचार टर्व्हॅलॉन आणि मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी १९९८ मध्ये मांडला. दुसऱ्याच्या संस्कृतीत आपण कधीच 'पारंगत' होत नसतो, म्हणून आयुष्यभर शिकत राहण्याची आणि स्वतःकडे तपासून पाहण्याची वृत्ती हवी, असे त्यांचे म्हणणे होते.

मात्र या विचारांची पाठ्यपुस्तके वंश आणि स्थलांतरित यांच्याभोवती लिहिलेली आहेत. महाराष्ट्रातील वॉर्डात रुग्ण आणि परिचारिका यांच्यातील अंतर जात, वर्ग, भाषा आणि लिंगभाव यांमुळे पडते. शिक्षकाने उदाहरणांत हा बदल केला नाही, तर विद्यार्थ्यांना हा विषय परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिकांचा वाटतो.

पूर्वतयारी: आपल्या वॉर्डात कोण येते

सत्र सुरू होण्यापूर्वी शिक्षकाने पोस्टिंगच्या रुग्णालयाचे एकपानी टिपण तयार करावे. त्यासाठी नोंदणी खिडकीवरील कर्मचारी, आशा कार्यकर्त्या, वॉर्डातील मावशी आणि मामा यांच्याशी बोलावे. रुग्ण कोणत्या गावाहून, कोणत्या वाहनाने आणि कोणाच्या सल्ल्याने येतात, हे त्यांना नेमके ठाऊक असते. अमरावतीच्या रुग्णालयात धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतून कोरकू माता येतात. गडचिरोलीत माडिया आणि गोंड, नंदुरबारमध्ये भिल्ल आणि पावरा रुग्ण येतात. बीड जिल्ह्यात गळीत हंगामाआधीचा आणि नंतरचा वॉर्ड वेगळा असतो. टिपणात भाषा, हंगाम, येथे येण्यापूर्वी दाखवण्याची ठिकाणे आणि उपचारांचा खर्च कोण उचलते, एवढेच असावे. रूढींची यादी त्यात मुद्दाम घेऊ नये.

याच संदर्भात 'सर्च' संस्थेचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत काम सुरू केल्यानंतर रुग्णालय कसे असावे हे आदिवासींनाच विचारले. त्यातून झोपड्यांच्या रचनेचे आणि दंतेश्वरी देवीच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले. विचारण्याची कृती एका खाटेपुरती मर्यादित नसते, हे विद्यार्थ्यांना त्यावरून कळते.

पहिली पायरी: स्वतःच्या घराकडे पाहणे

दुसऱ्याच्या रूढी सर्वांना दिसतात, आपल्या मात्र 'साधे वळण' वाटतात. म्हणून पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांना घरी बसून दोन पाने लिहायला सांगावे. ताप आला की घरात प्रथम काय केले जाते? दवाखान्यात न्यायचे हे कोण ठरवते? बाळंतिणीला काय देतात आणि काय वर्ज्य असते? मासिक पाळीत कोणत्या वस्तूंना शिवायचे नसते? नजर काढली जाते का? नवा माणूस घरी आला की त्याला कोणते प्रश्न विचारले जातात?

येथे शिक्षकाने एक पथ्य कसोशीने पाळावे. हे लेखन वर्गात वाचून दाखवायला लावू नये आणि त्याला गुणही देऊ नयेत. ज्या वर्गात निरनिराळ्या जातींच्या मुली एका वसतिगृहात राहतात, तेथे घरच्या चालीरीती उघड करायला लावणे म्हणजे जात जाहीर करायला लावणे होय, आणि त्याची किंमत नेहमी ठरावीक विद्यार्थ्यांनाच मोजावी लागते. शिक्षकाने सर्व लेखन वाचावे, त्यातील समान धागे नावाशिवाय मांडावेत आणि चर्चा तेथून सुरू करावी. नजर काढणे निम्म्याहून अधिक घरांत चालते असे दिसले, की रुग्णाच्या उशाखालच्या लिंबाकडे पाहून हसणे आपोआप कमी होते.

दुसरी पायरी: हाक कशी मारावी

सरकारी वॉर्डात फाटक्या लुगड्यातील साठीच्या बाईला 'ए आजी, उठ' असे म्हटले जाते आणि इस्त्रीच्या शर्टातील तिशीच्या माणसाला 'सर, बसा' असे. यात धर्म किंवा प्रांत नाही; वर्ग आहे. सर्व प्रौढ रुग्णांना 'तुम्ही' म्हणावे, हा नियम पहिल्या दिवसापासून लावावा. त्यापुढे कोणते संबोधन आवडेल हे रुग्णालाच विचारावे. काहींना 'काकू' आपुलकीचे वाटते, काहींना नावापुढे 'ताई' हवे असते, शिक्षिका असलेल्या बाईंना 'मॅडम' हवे असते. 'मावशी' म्हणताना मात्र जरा जपून, कारण वॉर्डात ती हाक सफाई आणि मदतनीस कर्मचाऱ्यांची झालेली आहे.

आडनावाचा प्रश्न याहून नाजूक आहे. केसपेपरवर पूर्ण नाव असतेच. तरीही 'आडनाव काय? म्हणजे कुठले तुम्ही?' असे पुन्हा विचारले जाते, आणि त्यामागची जातीची चौकशी रुग्णाला पहिल्या शब्दात कळते. दलित रुग्ण त्यानंतर पाणी मागायलाही संकोचतो. आडनाव केसपेपरवर वाचावे, त्यावरून पुढचा प्रश्न काढू नये, असे विद्यार्थ्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे. कपाळावर कुंकू नाही म्हणून 'मिस्टर नाहीत का?' असे विचारणे याच प्रकारात मोडते. ती बाई बौद्ध, ख्रिस्ती किंवा मुस्लिम असू शकते, किंवा कुंकू न लावणे ही तिची निवड असू शकते. आंबेडकरी कुटुंबातील रुग्णाला 'देवाचे नाव घ्या' असा धीर दिला, तर हेतू चांगला असूनही तो धीर त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

तिसरी पायरी: प्रश्न विचारायला शिकवणे

आर्थर क्लाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये रुग्णाची स्वतःच्या आजाराविषयीची समजूत जाणून घेण्यासाठी काही प्रश्न मांडले. त्यांचे शब्दशः भाषांतर वॉर्डात चालत नाही. विद्यार्थ्यांनी ते बोली भाषेत आणि पुढील क्रमाने विचारावेत: 'तुम्हाला काय होतंय असं तुम्हाला वाटतं? कशामुळे झालं असेल? घरचे काय म्हणतात? इथं यायच्या आधी कुठं दाखवलं, काय काय केलं? सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते? आम्ही काय करावं असं तुम्हाला वाटतं?'

'आधी कुठं दाखवलं' हा प्रश्न सर्वांत कठीण, कारण उत्तर देताना रुग्ण रागावले जाण्याच्या तयारीत असतो. 'बरेच जण आधी घरचं किंवा देवाचं काही करून बघतात, तुम्ही केलं का?' असे विचारले, तर भगताने दिलेले मुळीचे पाणी किंवा कावीळ उतरवून घेतल्याची हकिगत बाहेर येते. औषधांच्या दृष्टीने ही माहिती रक्ताच्या अहवालाइतकी महत्त्वाची असू शकते.

रोल-प्ले घेताना एक विद्यार्थिनी रुग्ण, एक नातेवाईक आणि एक परिचारिका व्हावी. 'रुग्णा'ला चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहून द्याव्यात: एक सहज सांगायची आणि एक नीट विचारल्याशिवाय न सांगायची. 'करणी केली आहे', 'बाहेरचं आहे', 'नागीण झाली, वेढा पूर्ण झाला की माणूस जातो', 'अंगावरून पांढरं जातं' ही वाक्ये विद्यार्थ्यांच्या कानावरून आधीच गेलेली हवीत. शेवटच्या तक्रारीविषयी थोडे अधिक सांगावे. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांमधील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक कोणता ना कोणता आजार होता. विचारणारी व्यक्ती आणि आडोसा या दोन्ही गोष्टी मिळाल्याखेरीज अशी दुखणी सांगितली जात नाहीत.

चौथी पायरी: जपायचे, जुळवायचे की बदलायचे

सत्राचा निम्मा वेळ या पायरीला द्यावा. लेनिंजर यांचे तीन मार्ग घेऊन प्रत्येक रूढीसाठी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा: याने शरीराला इजा होते का, आणि होत असेल तर ती कशी? उत्तर 'अंधश्रद्धा आहे म्हणून' असे आले, तर ते स्वीकारू नये.

बाळंतपणाचे उदाहरण सर्वांत समृद्ध आहे, कारण एकाच खोलीत तिन्ही मार्ग सापडतात. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, पाचवीची पूजा, बारसे हे सर्व जपावे. अळिवात लोह चांगल्या प्रमाणात असते, तेव्हा आहाराच्या सल्ल्यात त्याचे नाव आवर्जून घ्यावे. शेक-शेगडी जुळवून घेण्याच्या भागात येते: ऊब हवी हे खरे, परंतु बंद खोलीत कोळशाची शेगडी कार्बन मोनॉक्साइडमुळे आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते. गरम पाण्याची पिशवी, उबदार कपडे, बाळाला आईच्या छातीशी धरणे हे पर्याय आजीसमोर मांडावेत, एकट्या आईसमोर नव्हे, कारण शेगडीचा निर्णय आजीचा असतो. मनगटावरचा काळा धागा राहू द्यावा, सैल आहे ना एवढे पाहावे; त्याच हाताला सलाइन लावायचे असेल तर धागा दुसऱ्या हाताला किंवा पाळण्याला बांधण्याची विनंती करावी. चीक पिळून टाकणे, बाळाला मध चाटवणे आणि डोळ्यांत काजळ घालणे मात्र बदलायच्या यादीत येते. तेथेही 'चीक टाकू नका' या आदेशापेक्षा पहिल्या तासात बाळाला छातीशी लावून देणे आणि आजीलाच बाळाचे तोंड नीट लागले का हे पाहायला सांगणे अधिक उपयोगी ठरते.

शस्त्रक्रियेपूर्वीचे मंगळसूत्र हा रोजचा प्रसंग आहे. डायथर्मीमुळे (शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या विजेच्या उपकरणामुळे) भाजण्याची शक्यता आणि दागिना गहाळ होण्याची भीती ही दोन कारणे रुग्णाला सांगावीत. दागिना कोणाच्या हातात द्यायचा हे तिने ठरवावे, नोंदवहीत त्या नातेवाइकाची सही घ्यावी आणि रिकव्हरीमध्ये शुद्धीवर आल्यावर तो तिला परत मिळेल हे आधीच कबूल करावे. मधल्या वेळात गळ्यात नुसते काळे मणी दोऱ्यात ओवून ठेवायची तिची इच्छा असेल, तर शस्त्रक्रियागृहाच्या नियमानुसार इनचार्ज सिस्टरना विचारावे. अपशकुनाच्या भीतीने रडणारी बाई सही करते, परंतु तिचा रक्तदाब वाढलेला असतो आणि भूलतज्ज्ञ तोच आकडा पाहत असतात.

रमजानमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत विद्यार्थी दोन टोके गाठतात. एक तर 'रोजा धरायचाच नाही' असे बजावतात, किंवा धर्माचा प्रश्न म्हणून गप्प बसतात. योग्य वेळ रमजानपूर्वीचे सहा ते आठ आठवडे ही आहे; तेव्हाच डॉक्टरांकडून डोस आणि वेळा बदलून घेता येतात. रोजा धरणाऱ्याने रक्तातील साखर दिवसा तपासत राहावी आणि ती ७० मिलिग्रॅमच्या खाली किंवा ३०० च्या वर गेल्यास रोजा सोडावा, हे शिकवावे. आजाऱ्याला रोजातून सवलत आहे हे रुग्णाला बहुधा ठाऊक असते; विद्यार्थिनीने ते धर्मोपदेशासारखे सांगू नये, कुटुंबाला हवे असल्यास मौलानांशी बोलण्यास सुचवावे. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्या जैन रुग्णाच्या गोळ्यांच्या वेळांचा प्रश्न याच पद्धतीने डॉक्टरांकडे न्यावा. परिचारिकेने स्वतः वेळ बदलू नये आणि रात्रीची गोळी 'दिली' असे खोटे लिहूही नये.

हेपारिन आणि एनॉक्सापॅरिन ही रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी इंजेक्शने डुकराच्या आतड्यांच्या अस्तरापासून बनतात, हे अनेक परिचारिकांनाही ठाऊक नसते. विचारणाऱ्या रुग्णाला खरे सांगावे आणि डॉक्टरांना बोलवावे. फोंडापॅरिनक्ससारखा कृत्रिम पर्याय असतो, तो त्या रुग्णाला योग्य आहे का हे डॉक्टर ठरवतील. अनेक शाकाहारी आणि मुस्लिम कुटुंबे प्राण वाचवणारे औषध म्हणून ते स्वीकारतात, परंतु तो निर्णय त्यांना घेऊ द्यावा.

काही प्रसंगांत तडजोडीला जागाच नसते. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने चटके देण्याची 'डंबा' ही प्रथा आहे. असे बाळ वॉर्डात आले, तर क्रम ठरलेला असावा: आधी बाळाच्या भाजण्याची आणि मूळ आजाराची काळजी, लगेच इनचार्ज आणि डॉक्टरांना माहिती, एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदीची) प्रक्रिया त्यांच्याकडून, आणि या सगळ्यात आईला खडसावणे कोठेही नाही. चटके देणाऱ्यावर कारवाई करणे शासनाचे काम आहे. बाळाला पुढच्या वेळी लवकर आणणारी व्यक्ती आईच असणार आहे. भूमकांना (गावातील पारंपरिक वैदूंना) विरोधक न मानता त्यांनीच आजारी मूल आरोग्य केंद्राकडे पाठवावे, असे प्रयत्न मेळघाटात झाले आहेत, तेही सांगावे. सर्पदंशात मंत्र-तंत्रासाठी उपचार रोखणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. तरीही नातेवाइकांना कायदा ऐकवण्याआधी '१०८ ला फोन केला आहे, गाडी निघाली आहे, देवाचं नंतर करा' असे सांगितल्यास रुग्ण अधिक लवकर हलतो.

मृत्यूसमयीच्या रूढी बहुतेक वेळा जपण्याजोग्या असतात: तुळशीपत्र, कलमा, त्रिशरण, फादरांची प्रार्थना. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात गंगाजल ओतण्याऐवजी ओल्या कापसाने ओठ भिजवावेत, एवढीच तडजोड आवश्यक असते.

गरिबीला संस्कृती म्हणू नये

ही स्वतंत्र पायरी नाही, परंतु विद्यार्थी येथे सर्वाधिक घसरतात. ऊसतोड कामगार बाई दुसऱ्या दिवशी डामा देऊन (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेऊन) निघाली, की केस प्रेझेंटेशनमध्ये 'या समाजात आरोग्याबाबत जागरूकता नाही' असे वाक्य येते. वस्तुस्थिती अशी, की नवरा-बायको मिळून एक कोयता (मजुरीचे एक एकक) धरला जातो, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि एक दिवस काम बुडाले तर खाडा लागून पैसे कापले जातात. तिला जागरूकता भरपूर आहे. खाटेवर पडून राहण्याची किंमत तिला आपल्यापेक्षा नेमकी माहीत आहे. अशा रुग्णासाठी केअर प्लॅनमध्ये (परिचर्येच्या लेखी आराखड्यात) समाजशास्त्राऐवजी फडाजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, ड्रेसिंगची तारीख आणि तेथील आशाताईंचा संपर्क असावा.

पाचवी पायरी: भाषा आणि दुभाषी

कोरकू ही मुंडा कुळातील आणि माडिया, गोंडी या द्राविड कुळातील भाषा आहेत. मराठी सावकाश बोलल्याने किंवा मोठ्याने बोलल्याने त्या रुग्णांना ती कळत नाही. दुभाष्यासोबत काम करताना तोंड रुग्णाकडे ठेवावे, वाक्ये लहान ठेवावीत आणि दुभाष्याने स्वतःचे मत घालू नये असे आधी ठरवून घ्यावे. शाळकरी मुलाला आईच्या दुखण्याचा दुभाषी करू नये. पांढरे जाणे, गर्भपात किंवा मारहाण यांविषयी विचारताना नवऱ्याला दुभाषी करू नये.

समजले का असे विचारले, की सर्वच रुग्ण मान डोलावतात. त्याऐवजी 'घरी गेल्यावर ही पुडी कशी तयार करणार, मला करून दाखवा' असे म्हणावे. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात मिसळायची असते. रुग्णाच्या घरचा तांब्या किंवा बाटली मागवून त्यात एक लिटरची खूण करून द्यावी.

सहावी पायरी: वॉर्डाचे वळण आणि परीक्षा

विद्यार्थिनी वर्गात जे ऐकते त्याहून अधिक लेबर रूममध्ये पाहून शिकते. कळा देणाऱ्या बाईवर ओरडले जात असेल, तर आपली सर्व पायऱ्यांची मेहनत एका पाळीत वाया जाते. शिक्षकाने इनचार्ज सिस्टरना सत्राच्या आधी भेटून कार्यक्रम समजावून सांगावा. प्रसूतिगृहांचा दर्जा सुधारण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' उपक्रमात प्रसूतीच्या वेळी सन्मानपूर्वक वागणुकीची आणि सोबतीणीची अपेक्षा आहे, तेव्हा हा आग्रह महाविद्यालयाचा लहरी हट्ट राहत नाही. पाहिलेल्या गैरवर्तनाविषयी पोस्ट-कॉन्फरन्समध्ये (पाळीनंतरच्या चर्चेत) बोलण्याची मोकळीक द्यावी, परंतु कर्मचाऱ्याचे नाव न घेता.

केअर प्लॅनच्या नमुन्यात 'धर्म' या रकान्याशेजारी तीन ओळी वाढवाव्यात: रुग्णाची स्वतःची समजूत, ठरलेली तडजोड आणि ती कोणाशी बोलून ठरली. तिसरी ओळ रिकामी असेल, तर तडजोड विद्यार्थिनीने एकटीने कल्पनेने ठरवली आहे असे समजावे.

लेखी परीक्षेत रूढींवर वस्तुनिष्ठ प्रश्न विचारू नयेत, कारण ते तक्त्याकडे परत नेतात. ओएससीईमध्ये (स्थानकांवर घेतल्या जाणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेत) दहा मिनिटांचे एक स्थानक ठेवावे आणि २० गुणांची विभागणी पुढीलप्रमाणे करावी: संबोधन आणि परिचयाला २, विचारणीला ६, जपणे-जुळवणे-बदलणे यांचा निर्णय आणि त्याच्या वैद्यकीय कारणाला ६, रुग्णाकडून सांगून घेण्याला ३, नोंदीला ३. रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीलाही एक प्रश्न विचारावा: 'पुन्हा गरज पडली तर या सिस्टरना हाक माराल का?' त्याला गुण नसावेत, पण उत्तर विद्यार्थिनीला त्याच दिवशी कळवावे.

सत्राच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येकीला तिचा पहिल्या महिन्यातील एक केअर प्लॅन परत द्यावा आणि तोच रुग्ण समोर आहे असे मानून तो नव्याने लिहायला सांगावा. दोन्ही प्रती शेजारी ठेवून तपासताना निदान आणि औषधे सारखीच राहतील. फरक पडला असेल तर तो रुग्णाला विचारलेल्या प्रश्नांच्या संख्येत आणि डिस्चार्जच्या सल्ल्यात दिसेल. जिच्या दोन्ही प्रती सारख्याच निघतील, तिला पुढील सत्रात प्रसूती किंवा सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगमध्ये पुन्हा एकदा रुग्णाशेजारी बसवावे, आणि त्या वेळी शिक्षकानेही सोबत बसावे.